तुम्ही विचारलंत म्हणून: पहिली नायट्रो बग्गी कोणती घ्यावी?

विचारणारा बदलतो, प्रश्न तोच: नायट्रो बग्गीचा, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर, छोट्या इंजिनानं आणि रिमोटनं पळणाऱ्या रेसिंग गाडीचा. "सर, रेसिंग चालू करायचंय, नायट्रोच घ्यायलोय, बग्गी कोन्ती घिऊ?" कधी बीडहून फोन येतो, कधी वाळूजला शिफ्ट सुटताना शेजारच्या लाइनवरचा पोरगा गाठतो, कधी जालन्याचे एखादे काका असतात, ज्यांच्या चिरंजीवांनी दहावीत मार्क पाडलेत आणि आता घरात मोबाइलवर व्हिडिओ दाखवून दाखवून जीव नकोसा केलाय. सगळ्यांना एका कंपनीचं नाव ऐकायचं असतं. नाव मी सांगतोही, पण त्याआधी उलटा प्रश्न करतो: तुम्ही ज्यांच्याबरोबर पळवणार, त्यांच्याकडे कोणती गाडी आहे?

लोकांना वाटतं हा टाळतोय. तसं नाही. रेसमध्ये बग्गी मोडते, म्हणजे मोडतेच. उडी चुकली, ट्रॅकच्या कडेच्या पाइपाला धडकली, की पुढचा खालचा आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, गेला. स्टिअरिंगची लिंक गेली, क्लच बेलचं बेअरिंग गेलं. चेतकची केबल तुटली तर कोपऱ्यावर मिळायची, बग्गीचा आर्म कोपऱ्यावर मिळत नाही. पुण्या-मुंबईहून मागवा, तिथं नसेल तर बाहेरून येईपर्यंत वाट बघा. पण शेजारच्या टेबलावर तीच गाडी असेल तर त्याच्या डब्यातला आर्म लागतो, आणि पुढच्या हीटला, म्हणजे पुढच्या फेरीला, तुम्ही ट्रॅकवर असता. नवशिक्याला गाडीच्या वेगापेक्षा या डब्याचा उपयोग जास्त. शिवाय त्या माणसाला त्या इंजिनची नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू, कुठं ठेवायची ते माहीत असतं, हा फायदा वेगळाच.

आता आकार. रेस करायची असेल तर १/८ स्केल, म्हणजे खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाची घ्या, वाद नको. १/१० ची नायट्रो बग्गी दिसायला तशीच, स्वस्तही असते, पण तिच्याबरोबर पळायला कुणी नसतं. जगभर नायट्रो बग्गीची रेस १/८ मध्येच होते: इंजिन जास्तीत जास्त ३.५ सीसी, ज्याला सगळे ट्वेंटी-वन म्हणतात (पॉइंट २१ घन इंच), टाकी १२५ सीसी, चारही चाकांना ताकद, पुढं-मागं-मध्ये मिळून तीन डिफ (डिफरन्शियल). जागतिक स्पर्धेच्या नियमात किमान वजन ३.२ किलो आहे. हा साचा कित्येक वर्षं फारसा बदललेला नाही, त्यामुळे पाच-सात वर्षं जुनी चांगली बग्गी अजूनही क्लबच्या रेसमध्ये लाज आणत नाही.

नावं हवीच असतील तर ही घ्या. तयार, म्हणजे रेडी-टू-रन गाड्यांमध्ये क्योशोची इन्फर्नो निओ, होबाओची हायपर, एचपीआयची ट्रॉफी, लोसीची एट. यातली निओ बघा, तिचं हाड कंपनीच्या जुन्या रेसच्या गाडीचं, एमपी ७.५ चं आहे. मला पहिल्या गाडीत हेच हवं असतं: चॅसिस रेसच्या घराण्यातली, इंजिन साधं. इंजिन पुढं बदलता येतं, वाकणारी चॅसिस बदलून काय राहतं? मुगेन, एक्सरे यांच्या किट्सचं नाव लोक मोठ्या प्रेमानं घेतात, गाड्या आहेतच तशा. पण किट म्हणजे स्वतः जोडायचे सुटे भाग; त्यात इंजिन नाही, धुराचा पाइप नाही, सर्व्हो (स्टिअरिंग-थ्रॉटल हलवणारी छोटी मोटर) नाही, रेडिओ म्हणजे रिमोट नाही, टायरसुद्धा बहुधा वेगळे घ्यायचे. पहिल्याच वर्षी तो खर्च करून आर्म मोडायला शिकण्यात काही अर्थ नाही.

यापैकी प्रत्येक गाडी आज नवी मिळेलच असं नाही, कंपन्या मॉडेलं बंद करतात, नवी काढतात. म्हणून जुनी गाडी हा मार्ग मी बहुतेकांना सुचवतो. रेस करणारे लोक दर दोन-तीन वर्षांनी गाडी बदलतात आणि जुनी विकताना स्पेअरची पिशवी सोबत देतात. ती पिशवी नीट बघा, कधीकधी गाडीपेक्षा तिचीच किंमत जास्त असते.

जुन्या गाडीचं इंजिन तपासायला हत्यार लागत नाही, बोट लागतं. गाडी उचला, ग्लो प्लग (इंधन पेटवणारा प्लग) जागेवर असू द्या, टाकीत इंधन नको. चॅसिसच्या खालच्या खाचेतून फ्लायव्हील दिसतं, ते अंगठ्यानं हळूहळू फिरवा. या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळी, वरच्या बाजूला किंचित निमुळता असतो, थंड असताना पिस्टन टोकाशी जाऊन आवळतो आणि तापल्यावर लायनर फुगून बरोबर जागा देतो. म्हणजे थंड इंजिनात अंगठ्याला टोकाशी अडखळल्यासारखं लागलं पाहिजे, मग जरा जोर दिल्यावर पुढं सरकलं पाहिजे. अंगठा मऊसूत गोल फिरला तर पिस्टन-लायनर संपलेत; विकणारा कितीही म्हणो की "फक्त एक हंगाम चाललीय". मग फ्लायव्हील धरून वर-खाली हलवा. खटखट झाली तर क्रँकची बेअरिंग गेली. बेअरिंग स्वस्त आहेत, बदलता येतात, पिस्टन-लायनरचा सेट मात्र महागात जातो. एअर फिल्टर काढा आणि कार्बोरेटरच्या तोंडात आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती आली तर भाव अर्धा करा किंवा नमस्कार करून निघा.

आणि माती हाच आपल्याकडचा खरा मुद्दा आहे. मराठवाड्याची काळी माती सुकली की पिठासारखी होते. जानेवारीपासून पुढं एखादी गाडी पुढून गेली की मागच्याला ट्रॅक दिसत नाही, आणि ३० हजारांच्या वर आरपीएमनं फिरणारं इंजिन ती सगळी हवा ओढत असतं. फोमचा फिल्टर कोरडा वापरायचा नसतो, त्याला फिल्टर ऑइल चोळून मुरवायचं, दाबून जादाचं काढायचं. आतला आणि बाहेरचा असे दोन थर असलेला फिल्टर घ्या, धुऊन-तेल लावून तयार केलेले तीन-चार पिशवीत ठेवा, आणि अर्ध्या तासानं बदला. बदलण्याआधी बाहेरची धूळ ब्रशनं झाडा, नाहीतर फिल्टर काढतानाच ती आत पडते. लोक ट्यून पाइपवर पैसे घालतात आणि फिल्टरवर कंजुषी करतात. मला कुणी फक्त एकाच गोष्टीवर जास्तीचे पैसे घालायला सांगितले तर मी फिल्टर सांगेन, दुसरी फेल-सेफ, म्हणजे सिग्नल गेला की आपोआप ब्रेक लागायची सोय.

ट्रॅकसाठी काळी मोकळी जमीन नकोच. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की पुढचं चाक आत जाऊन आर्म निघतो, आणि पाऊस झाला की चाकाला चिखलाचे लाडू. मुरुमाचं मैदान बघा. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवलेली जागा मिळाली तर सोनं. एमआयडीसीत मोकळा प्लॉट ओळखीनं मिळतो, पण वॉचमनशी आधी बोलून ठेवा.

इंधनाचं विचारतातच: पेट्रोल चालेल का? नाही. या इंजिनात स्पार्क नाही. प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक कॉइल असते, ती सुरुवातीला दीड व्होल्टवर लाल करायची. नंतर मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांच्या क्रियेनं ती स्वतःच तापलेली राहते. पेट्रोलला हे जमत नाही. इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात नायट्रोमिथेन आणि तेल. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं. नवशिक्याला १६ ते २५ टक्के नायट्रो पुष्कळ झालं. टक्क्यांपेक्षा तेल नीट आहे का ते बघा; वंगणाला या इंजिनात दुसरी सोय नाही. ज्यांनी टू-स्ट्रोक स्कूटर चालवलीय त्यांना हे समजवावं लागत नाही. १९८५ पासून वाळूजला बजाजचा कारखाना आहे, आमच्याकडे पन्नाशीतला कुठलाही मेकॅनिक धुराकडे बघून मिक्श्चर सांगतो. त्याला बग्गी दाखवा, अर्ध्या तासात तुमच्यापेक्षा चांगली नीडल लावील.

नीडलच्या बाबतीत एक उलटी समजूत फार घट्ट बसलीय. मे महिन्यात चाळीसच्या वर पारा गेला की लोक म्हणतात, गरम होतंय, मिक्श्चर सोडा, म्हणजे इंधन वाढवा. गरम हवा विरळ असते, तिच्यात ऑक्सिजन कमी; म्हणजे हिवाळ्याच्या सेटिंगवर गाडी उन्हाळ्यात आधीच जाड मिक्श्चरवर, म्हणजे हवेच्या मानानं जास्त इंधनावर, चाललेली असते. धोका उलट्या बाजूनं येतो. मे मधलं सेटिंग तसंच ठेवून डिसेंबरच्या थंडीत सकाळी गाडी काढली की थंड, दाट हवेत मिक्श्चर पातळ पडतं आणि इंजिन सीझ होतं. थंडीत आधी नीडल थोडी उघडा, मग धुराकडे बघत आवळा. सरळ रस्त्यावर पूर्ण रेस दिली की मागं बारीक निळसर धुराची रेघ दिसलीच पाहिजे. हेडचं तापमान १०० ते १२० अंशांच्या आसपास चांगलं. कोविडनंतर तापमानाची गन कुणाकडेही मिळते, फक्त कपाळाची नको, फॅक्टरीतली घ्या. गन नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाका. तीन-चार सेकंद चरचरत बसला तर ठीक, पडल्या पडल्या उडाला तर बंद करा.

नवं इंजिन असेल तर रनिंग-इन टाळू नका. पहिल्या काही टाक्या जाड मिक्श्चरवर, अधूनमधून पूर्ण थंड होऊ देत. थंडीत हेडला आधी हेअर ड्रायर दाखवा, नाहीतर स्टार्टरची दोरी ओढून खांदा जातो. आणि दोरी अडकली तर जोर लावू नका. पिस्टनच्या वर इंधन भरलं असेल तर द्रव दाबला जात नाही, दोरी किंवा कनेक्टिंग रॉड तुटतो. प्लग काढा, गाडी उलटी करा, दोनदा ओढा, बाहेर पडेल.

फेल-सेफचं मघाशी म्हणालो. रिसीव्हरची बॅटरी उतरली किंवा सिग्नल गेला की सर्व्होनं आपणहून ब्रेक लावला पाहिजे. तसं सेट केलेलं नसेल आणि थ्रॉटल उघडी राहिली, तर तीन-साडेतीन किलोचं धूड ताशी ६० च्या वेगानं कुणाच्या तरी नडगीवर जातं. गाडी घेतल्या दिवशी चाकं अधांतरी धरून, इंजिन बंद ठेवून, रिमोट बंद करून बघा. थ्रॉटलचा सर्व्हो ब्रेककडे गेला नाही तर त्या दिवशी गाडी सुरू करायची नाही. काकांना मी हे दोनदा सांगतो. मिथेनॉलचंही. पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो, आणि उन्हात त्याची ज्वाळा दिसतसुद्धा नाही. पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका, कॅनवर मोठ्या अक्षरात लिहा, किल्ली स्वतःकडे ठेवा. कॅनचं झाकण घट्ट हवं, मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. दिवस संपला की टाकी रिकामी, इंजिनात आफ्टर-रन ऑइलचे थेंब, फ्लायव्हील दोन-चारदा फिरवून मग डिकीत.

खर्चाचा अंदाज लावताना गाडीची किंमत धरतात आणि इंधन विसरतात. १२५ ची टाकी आठ-दहा मिनिटं चालते, म्हणजे लिटरभरात जेमतेम तास-सव्वा तास. जळाऊ माल, विमानानं येत नाही, रोडनंच येतो, म्हणून चार जणांनी मिळून मागवावा. फायनल अर्ध्या तासाची असेल तर मध्ये दोन-तीनदा पिटमध्ये यावं लागतं, आणि तुम्ही वर स्टँडवर रिमोट धरून उभे असता. खाली गाडी धरायला, टाकी भरायला, बंद पडली तर चालू करायला माणूस लागतो. मेहुणा चालतो, बायको तर त्याहून चांगली, ती घाई करत नाही.

परभणीच्या एका सरांना हा माणूसच नव्हता. गावात दुसरी नायट्रो नाही, आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी, ट्यूनिंग दाखवायला कुणी नाही. त्यांना मी सरळ इलेक्ट्रिक १/८ सांगितली. बऱ्याच कंपन्यांच्या इलेक्ट्रिक आणि नायट्रो बग्गीचे आर्म, डिफ, शॉक तेच असतात, चालवायची सवय तीच लागते. पुढं सोबत मिळाली की नायट्रो घ्यायला स्पेअर अर्धे घरातच. चार सेलच्या दोन लायपो बॅटऱ्या, बरा चार्जर, झालं. धूर नाही, वास नाही, आणि सकाळी सहाला कॉलनीच्या मैदानावर काढली तरी कुणाच्या आजोबांनी गॅलरीत येऊन "कुणाचं पोरगं आहे रे हे?" असं ओरडण्याची सोय नाही. मजा नायट्रोइतकी येत नाही, हेही त्यांना सांगून टाकलं.