जांबोटीकडं ऑफ-ग्रिड, तेबी जुलैत

लॉकडाऊनमध्ये टायनी हाऊसचे व्हिडिओ बघून बघून माझं डोकं फिरलेलं. अमेरिकेत म्हणे 400 चौरस फुटांच्या आतलं घर असलं की ते टायनी हाऊस, आमच्या आज्जाची शेतातली खोप त्याच्या निम्मीबी नव्हती पण तिला सगळे खोपच म्हणायचे, असो. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं आज्जाच्या वाटणीचे 20 गुंठे पडून होते, लाईटचा खांब लांब, तिथनं वायर ओढायचा खर्च ऐकला आणि ठरवलं की सोलरच टाकायचं, म्हणजे ऑफ-ग्रिड, बाहेरची लाईट घ्यायचीच नाही. घर 12 बाय 16 फूट, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, झोपायला माळा. चाकावरचं घर करायचंबी मनात होतं, पण जिथं पावसात ट्रॅक्टर रुततंय तिथं ते चाकावरचं घर फिरवणार कुठं?

आता खरी चूक सांगतो. गवंडीमामा म्हणत होते, "पागोळी तीन फूट तरी भाईर काढा की, न्हाईतर भिंत भिजतंय." मी व्हिडिओतला लूक डोक्यात घेऊन बसलेलो, एकच फूट काढायला लावलं. जुलै आला. आमच्याकडचा पाऊस वरनं खाली पडत नाही हो, वाऱ्याबरोबर आडवा येतो, आणि जांभा म्हणजे भोकाभोकाचा दगड, पाणी पीत राहतो. आठ दिवसात पश्चिमेची भिंत आतनं काळपट ओली, चिऱ्यांच्या सांध्यात पांढरी बुरशी, गादीला कुबट वास, आणि त्याच भिंतीला मी इन्व्हर्टर अडकवलेला! तो उतरवून माळ्यावर नेला आणि उरलेला पावसाळा भिंतीला ताडपत्री बांधून काढला. दिवाळीनंतर मामा परत आले, "सांगितलोतो न्हवं" असं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता पण म्हटले नाहीत, नुसतं वाशांचं माप घेतलं आणि चारी बाजूंनी तीन-तीन फूट काढून दिलं.

सोलरचं पण तसंच. 330 वॅटची दोन पॅनेलं, मार्चमध्ये अडीच-तीन युनिट आरामात. माझा खर्च किती, तर चार 9 वॅटचे बल्ब, एक फॅन, मोबाईल, सगळं मिळून अर्धा युनिट. म्हटलं आपण तर राजे. बॅटरी 12 व्होल्ट 150 एएच (अँपिअर-अवर), म्हणजे कागदावर 1800 वॅट-अवर, पण लेड-ॲसिड अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे हातात 900. झड लागली की दोन दिवसात संपलं! तिसऱ्या दिवशी ढगातनं जे काय येतंय ते इन्व्हर्टरच स्वतःला खातंय. पहिल्या पावसाळ्यात मी बॅटरी आठ-आठ दिवस उतरलेलीच ठेवली, प्लेटांवर सल्फेट धरलं आणि दुसऱ्या वर्षी मेलीच ती. आता जून ते सप्टेंबर दोनच बल्ब, फॅन बंद, तसाबी त्या थंडीत फॅन कोण लावतंय.

पाण्याचा हिशेब मात्र गंमतीचा आहे. तीन फूट पागोळी काढल्यावर छप्पर झालं 18 बाय 22, म्हणजे साधारण 37 चौरस मीटर, आणि एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दिवसाला 100 मिलिमीटर आमच्याकडं जुलैत काय नवल नाही, 3700 लिटर पन्हळीतनं उतरतंय, 5000 ची टाकी दीड दिवसात भरून वाहते. पण पाऊस थांबला की दोघांना 120 लिटर रोज धरलं तर तीच टाकी 40 दिवसाची, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर मी घागर घेऊन शेजारच्या विहिरीवर.

गोबरगॅस पण बघितला होता. सगळ्यात लहान एक घनमीटरच्या प्लांटला रोज 25 किलो शेण लागतंय, माझ्याकडं जनावर एकबी नाही, शेजारच्या काकूंच्या दोन म्हशी आहेत पण ते शेण त्यांच्या शेताला जातंय, मागायचं तरी कुठल्या तोंडानं. त्यामुळं आमच्या ऑफ-ग्रिड घरात सिलिंडर आहे, खानापुरातनं बाईकवर बांधून आणलेला.

आणि मोबाईल जुलैत काकूंच्याच घरी चार्ज होतो. मी चार्जर लावून कट्ट्यावर बसतो, काकू चहा आणून ठेवतात आणि दरवर्षी तेच विचारतात, "काय हो, अजून करंट घेतला न्हाईसा व्हय?"