सूर्योदयाच्या हिशेबाने ध्यान आणि मोबाइल

गुहागरला घरून ऑनलाइन काम सुरू केल्यापासून मोबाइल रात्री उशिरापर्यंत माझ्या हातात असे आणि ध्यानाची पहाटे पाचची वेळ वर्षभर काही टिकत नसे. पंचांगातला सूर्योदयाचा रकाना नीट पाहिल्यावर कारण उमगले. आपल्या किनाऱ्यावर जूनच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीत सव्वासाताच्या जवळपास. ब्राह्म मुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटे आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटे असतो. म्हणजे पाचची जी वेळ जूनमध्ये त्यात बसते, ती जानेवारीत पुरती रात्रच असते.

म्हणून मी गजर सूर्योदयाला बांधला आणि दर पंधरवड्याला तो पंचांग पाहून सरकवू लागले. ध्यान पडवीत होते, मोबाइल माजघरातल्या कोनाड्यात राहतो आणि अंगणात उजेडात थोडे फिरल्याशिवाय मी तो उचलत नाही. आमच्याकडे सूर्य डोंगराआडून येत असल्याने प्रत्यक्ष ऊन उशिरा पोहोचते, परंतु शरीराचे घड्याळ लावायला मोकळ्या आकाशाचा उजेडही उपयोगी पडतो. या घड्याळाचे जनुकीय कार्य उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. रात्री स्क्रीनचा निळसर प्रकाश मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक रोखतो, हे कळल्यावर तिन्हीसांजेला दिवा लावला की कामाचे संदेश बंद करायचे ठरवले. मात्र नोव्हेंबरात सूर्य सहालाच मावळतो आणि काम उरलेले असते. तेव्हा मी आठची मर्यादा धरते, कारण पोटाचा व्यवसाय सोडून निसर्गाशी जुळवून घेणे मला पटत नाही.

खरी कसोटी पावसाळ्यात लागली. आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, कामे आटोपून झड सुरू झाली की दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, वीज जाते, रेंजही जाते आणि श्वासावर मन ठरत नाही. तेव्हा मी पागोळ्यांचा आवाज ऐकत बसते; कौलांवरून उतरणारी एकेक धार अंगणातल्या जांभ्या दगडावर वेगळी वाजते आणि मन त्यात सहज गुंतते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तसे मीही या काळात नवे काम कमी घेते आणि मोठ्या फायली मेअखेरीसच पाठवून ठेवते. उत्पन्न थोडे घटते, पण ते वर्षाच्या हिशेबात आता आधीच धरलेले असते.