मावशींचा हात वळेना

साठीच्या आसपासच्या एक मावशी उजव्या खांद्याच्या एमआरआयला आल्या. चिठ्ठीवर एवढंच होतं: 'खांदेदुखी, कफ टिअर?' म्हणजे खांद्याभोवतीचे स्नायूबंध फाटलेत का, ही शंका. दोन दिवसांनी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरलेली. मधुमेह आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

खांद्याइतकी किचकट पोझिशन दुसरी नाही. चुंबकाचं काम बोगद्याच्या मधोमध चोख चालतं आणि खांदा नेमका कडेला येतो. म्हणून पेशंटला टेबलाच्या दुसऱ्या अंगाला सरकवायचं, खांद्यावर कॉइल (सिग्नल टिपणारं साधन) बसवायची, हात किंचित बाहेर वळवून त्यावर वाळूची पिशवी ठेवायची. नवखी मुलं तळवा वर दिसला की निश्चिंत होतात. पण तळवा कोपराखालूनही फिरतो, खांदा आत वळलेलाच राहतो. मी कोपर काटकोनात धरून खांदा वळवून बघतो.

मावशींचा वळेना. थोडा फिरला आणि कडी लागलेल्या दारासारखा अडला.

"सैल सोडा, मावशी."

"सोडलाय रे बाबा, तोच जात नाही. सहा महिने झाले, वेणी सून घालते माझी."

आहे त्या स्थितीत स्कॅन केला. फिल्म बघायच्या आधीच रेडिओलॉजिस्ट मॅडमना हे सांगितलं. सुप्रास्पायनेटस, म्हणजे कफमधला वरचा स्नायूबंध, अर्धवट फाटलेला होताच. पण काखेकडची कॅप्सूलची (सांध्याभोवतीच्या आवरणाची) घडी सुजून जाड झालेली. मॅडमनी मोजली, 6 मिमी. 4 च्या वर गेली की फ्रोझन शोल्डरचा, म्हणजे आखडलेल्या खांद्याचा, संशय घ्यायचा. कोराकॉइड या खांद्यापुढच्या हाडाच्या टोकाखाली चरबीचा पांढरा त्रिकोण दिसायला हवा, तिथे सगळं काळपट.

मॅडमनी लगेच सर्जनना फोन लावला. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. आधी सांध्यात इंजेक्शन आणि फिजिओथेरपी. शिवून झाल्यावर हात काही आठवडे झोळीत ठेवला असता, तर आधीच आखडलेला सांधा आणखी जाम झाला असता.

एमआरआयमध्ये आखडल्याच्या खुणा दिसतात, हात किती वळतो ते नाही. ते दुसऱ्या माणसाने हात धरून वळवल्याशिवाय कळत नाही. ओपीडीत कितीही गर्दी असो, एका मिनिटाचं हे काम राहून जातं हे मला पटत नाही.

त्या रात्री मी आमचं रजिस्टर मागे चाळलं. खांद्याच्या कितीतरी नोंदींपुढे शेरा आहे: 'पेशंटचं सहकार्य नाही, हात नीट ठेवत नाही.' बरेचसे माझ्याच अक्षरातले.