टेप ९ उतरली: मिनीडीव्ही तोडताना तारीख कशी राखली

काकांच्या २३ मिनीडीव्ही टेपा (हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅसेट) मी कॉम्प्युटरवर उतरवतेय, त्यातली नववी या रविवारी पूर्ण झाली. आधीच्या आठ टेपांना मिळून लागला नसेल एवढा वेळ या एकीनं घेतला, म्हणून तिची नोंद सविस्तर लिहितेय. कपाटात अजून हँडीकॅमच्या टेपा पडून असतील तर यातलं बरंच तुमच्या कामाला येईल.

काका खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी असतात, मी बेळगावात शहापुरात. २००० नंतरची काही वर्षं त्यांनी दिसेल ते टिपलं: बारशी, सप्ते, भाताची लावणी, बेळगावचे शिवजयंतीचे चित्ररथ, आणि गावची लक्ष्मीयात्रा. ही यात्रा दरवर्षीची नव्हे, बऱ्याच वर्षांनी भरते. आता पुन्हा भरायची आहे आणि पंचमंडळींनी काकांकडे मागच्या वेळचं शूटिंग मागितलंय. त्यांना ते नुसतं बघायचं नाही. रथ कुठल्या गल्लीतून किती वाजता निघाला, कुठे किती वेळ थांबला, देवी गदगेवर (यात्रेतल्या तिच्या बैठकीवर) कधी बसली, हे सगळं त्यांना पाहिजे. म्हणजे इथे चित्राइतकंच त्याच्यासोबत नोंदलेल्या वेळेला मोल आहे.

या यात्रेची एक डीव्हीडी काकांनी पूर्वी एका स्टुडिओतून करून आणली होती. तिच्यात भंडारा उधळला की नुसता पिवळा चिखल दिसतो, आणि वेळ तर कुठेच नाही. कारण सरळ आहे. टेपवरचं चित्र उलगडून पुन्हा एमपीईजी-२ मध्ये दाबलं, आणि कॅमेऱ्यानं प्रत्येक फ्रेमच्या (व्हिडिओतल्या एकेका चित्राच्या) पोटात लिहिलेली तारीख वाटेत सांडली. पिवळी-लाल-पांढरी पिन लावून यूएसबी कॅप्चर स्टिकवर घेतलं तरी तेच होतं. तारीख हवी असेल तर रस्ता फायरवायरचा, म्हणजे कॅमेरा थेट कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डिजिटल केबलचा.

फायरवायरनं जे येतं ते टेपवरचे आकडे जसेच्या तसे उतरवणं असतं, नव्यानं चित्र काढणं नव्हे. माझ्याकडे जुना डेस्कटॉप आहे, त्यात फायरवायर कार्ड, चार पिनची बाजू कॅमेऱ्यात आणि सहा पिनची कार्डात. वर लिनक्स आणि डीव्हीग्रॅब. या प्रोग्रॅमची एक सवय सांभाळा: काही सांगितलं नाही तर तो सुमारे १ जीबीला फाइल बदलतो. फ्रेम एकही जात नाही, पण ऐन आरतीच्या मधेच दुसरी फाइल सुरू होते. म्हणून साइझला शून्य द्यायचं, म्हणजे मर्यादा नाही, आणि फॉरमॅट रॉ. डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या पुढे गाडी अडेल, ती आधी बदलून घ्या.

डीव्हीग्रॅब रेकॉर्डिंग तुटलेली जागा ओळखून आपोआप तुकडेही पाडतो आणि फाइलच्या नावात तारीख-वेळ घालतो. पहिल्या तीन टेपा मी तशाच घेतल्या. पण टेपवर जिथे ओरखडा आहे तिथे तारीख चुकीची वाचली जाते आणि नसलेल्या जागी तुकडा पडतो. तिसऱ्या टेपचे असे ४१ तुकडे झाले, त्यातले काही अर्ध्या सेकंदाचे. तेव्हापासून माझा नियम ठरला: आधी अख्खी टेप एका फाइलमध्ये, ती फाइल कायमची जपायची, आणि तोडातोडी नंतर सावकाश.

आता गंमतीचा भाग. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीत सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम बरोबर १,४४,००० बाइटची. कमी नाही, जास्त नाही. रथ उभा असो की भंडाऱ्यानं आभाळ भरलेलं असो, तेवढीच. प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती पूर्ण असते, मागच्या-पुढच्या फ्रेमवर तिचं काही अवलंबून नाही. तिचा आवाज तिच्यातच, तिचा टाइमकोड (टेपवरची तिची जागा सांगणारा मिनिट-सेकंद-फ्रेमचा आकडा) तिच्यातच, आणि कॅमेऱ्याच्या घड्याळातली तारीख-वेळही तिच्यातच. तासाला साधारण १३ जीबी जातात ते याच हिशेबानं. म्हणजे डीव्ही तोडायला व्हिडिओ एडिटर लागतच नाही. १,४४,००० च्या पटीत फाइल कापली की झालं. लिनक्सचा साधा डीडी हे करतो: ब्लॉकचा आकार १४४०००, किती फ्रेम वगळायच्या, किती घ्यायच्या.

हे मला आधी कळलं नव्हतं, आणि त्याची किंमत सातव्या टेपला मोजली. एफएफएमपेग हा व्हिडिओचा प्रोग्रॅम सगळेच वापरतात, म्हणून मी पण ‘कॉपी’ सांगून त्यानं तुकडे केले आणि फाइलचं नाव डॉट डीव्ही ठेवलं. चित्र अगदी तंतोतंत. आवाज बरोबर. नंतर मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघते तर रेकॉर्डिंगची तारीख १९७०! दोन रात्री मी टेपलाच दोष देत बसले. मग लक्षात आलं की एफएफएमपेगचा डीव्ही लिहिणारा भाग प्रत्येक फ्रेममध्ये टाइमकोड आणि तारखेची जागा स्वतः नव्यानं भरतो. त्याला वेगळी तारीख सांगितली नाही तर १ जानेवारी १९७० पासून मोजायला सुरुवात. ‘कॉपी’ म्हटलं तरी कॉपी होतं ते चित्र, तारीख नव्हे. यावर उपाय आहे: फक्त व्हिडिओ प्रवाह घ्यायचा, कोडेक कॉपी ठेवायचा आणि आउटपुटचा प्रकार ‘रॉव्हिडिओ’ द्यायचा. मग फ्रेम अख्खीच्या अख्खी उतरते, आवाजासकट आणि तारखेसकट, कारण ते सगळं तिच्या पोटात असतंच. मूळ अख्खी फाइल जपून ठेवली होती म्हणून सातवी टेप वाचली. नाहीतर पुन्हा टेप फिरवावी लागली असती, आणि या टेपा जितक्या कमी फिरवाव्यात तितक्या बऱ्या.

नववीवर येते. हीच यात्रेची टेप. फाइल १२,६९,४४,६४,००० बाइट, म्हणजे ८८,१५६ फ्रेम, ५८ मिनिटं ४६ सेकंद. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. प्रत्येक फ्रेममधली तारीख वाचायची, आणि ती बदलली की तिथे तुकडा. दिवसाला एक फाइल, असा माझा विचार. ती चालवली आणि दोन फाइल मिळाल्या. पहिली लावली. रथ वेशीतून आत येतोय, दोरांना माणसं लागलीत, हलगी टिपेला पोचलीय, आणि ऐन ओढ घेताना फाइल संपली. दुसरी उघडली तर तीच ओढ पुढे चालू, फक्त तारीख दुसऱ्या दिवसाची!

मग फाइलचे कच्चे बाइट दाखवणारा हेक्स एडिटर उघडून बसले. फ्रेममध्ये तारखेचा जो पॅक (काही बाइटांची छोटी नोंद) असतो त्याची खूण सोळाअंकी पद्धतीत ६२, आणि वेळेच्या पॅकची ६३. खुणेनंतरच्या बाइटांत आकडे बीसीडीत बसवलेले असतात. म्हणजे वरचे राखीव बिट सोडले तर २७ तारीख ही अर्ध्या बाइटात २ आणि अर्ध्यात ७ अशी चक्क वाचता येते. तुकडा पडला होता फाइलच्या ५,९३,८१,२८,००० व्या बाइटावर. त्याआधीच्या शेवटच्या फ्रेममध्ये वेळ २३:५९:५९. पुढच्या फ्रेममध्ये ००:००:०० आणि तारीख एकानं पुढे. पण टाइमकोड बघितला तर २७ मिनिटं २९ सेकंद ११ फ्रेम, आणि लगेच १२ फ्रेम. कुठे खंड नाही. कॅमेरा थांबलाच नव्हता.

म्हणजे घड्याळाच्या हिशेबानं मध्यरात्र, आणि चित्रात डोक्यावर ऊन. काकांना फोन लावला. त्यांनी आधी ऐकूनच घेतलं नाही, ‘माझं घड्याळ कधी चुकायचं नाही’ म्हणाले. मग टेपच्या सुरुवातीचा तुकडा मी त्यांना पाठवला: ओटी भरायला बायकांची रांग, ट्यूबलाइट चालू, नोंदलेली वेळ १७:४२. दहा मिनिटांत त्यांचाच फोन आला.

‘‘अगं, सकाळचं हाय की ते. मागं कोंबडा आरवतोय बघ, ऐकलीस न्हाई का?’’

खरंच, हलगी सुरू होण्याआधी दोनदा कोंबडा ऐकू येतो. मी ती फाइल निदान वीस वेळा पाहिली असेन, पण सगळं लक्ष आकड्यांत. घड्याळ लावताना सकाळ-संध्याकाळची अदलाबदल झाली होती आणि कॅमेरा बारा तास पुढे चालत होता. त्यामुळे त्याचा दिवस भर दुपारी बारा वाजता बदलायचा. त्या टेपवर दुपारनंतरचं जे काही आहे त्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख आहे, आणि रथाची ओढ नेमकी बाराच्या ठोक्याला सुरू होती.

यातून तोडण्याचा निकष बदलला. तारीख बदलली म्हणून आता तोडत नाही. लागोपाठच्या दोन फ्रेमच्या वेळेत दोन सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला तरच ती खरी जागा धरते, आणि तिथे टाइमकोडही डोळ्यांनी तपासते. उलट, कोरी टेप मधे सुटली की टाइमकोड शून्यापासून सुरू होतो, म्हणून एकट्या टाइमकोडवरही विसंबायचं नाही. दोन्ही एकत्र बघायचे. या निकषानं नववीचे १७ तुकडे पडले, आणि काकांनी बटण दाबलेल्या प्रत्येक जागेशी ते जुळतात. पहिल्या तीन टेपाही मी याच पद्धतीनं पुन्हा घेणार आहे. स्वतः स्क्रिप्ट लिहायची नसेल तर डीव्हीरेस्क्यू या प्रोग्रॅमसोबत डीव्हीपॅकेजर येतो. डीव्हीची फ्रेम न उलगडता टाइमकोड आणि रेकॉर्डिंगच्या वेळेतले खंड बघून तुकडे करणं हेच त्याचं काम.

तुकडे झाल्यावरची एक तपासणी मी कधीच चुकवत नाही. सगळे तुकडे लिनक्सच्या कॅट कमांडनं क्रमानं जोडायचे, जोडलेल्याचा आणि मूळ फाइलचा एसएचए-२५६ (फाइलच्या बिटांवरून निघणारा ठशासारखा आकडा) काढायचा. दोन्ही आकडे एक आले तर एक बिटही हललेला नाही. नववीचे आले.

चुकीची वेळ फ्रेममध्ये दुरुस्त करावी का, यावर मी दोन दिवस विचार केला. करता येते. पण एकाच फ्रेममध्ये ती तारीख कितीतरी ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहिलेली असते. सगळ्या जागा बदलल्या तर कॅमेऱ्यानं काय लिहिलं होतं याचा पुरावाच उरणार नाही, आणि उद्या माझी दुरुस्ती चुकीची निघाली तर परत जायला वाट नाही. म्हणून फ्रेमला हात लावला नाही. प्रत्येक टेपच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल: ‘घड्याळ १२ तास पुढे. खरी वेळ = नोंद वजा १२ तास. आधार: ओटीच्या वेळी कोंबडा, रथाच्या वेळी डोक्यावर ऊन, काकांचं सांगणं.’ फाइलच्या नावात मात्र दुरुस्त वेळ घालते, कारण पंचमंडळी टेक्स्ट फाइल उघडणार नाहीत.

त्यांच्यासाठी केलेला तक्ता असा निघाला: ओटीची रांग पहाटे ५:४२ ला, रथ वेशीत ११:५१ ला, मारुतीच्या देवळापुढे १२:३५, देवी गदगेवर २:०८. मारुतीपुढे रथ वीस मिनिटं अडून होता. एक चाक बसलं होतं, हे काकांना तक्ता बघून आठवलं.

काकांचा नंतरचा कॅमेरा टेपऐवजी कार्डावर रेकॉर्ड करणारा, एव्हीसीएचडी पद्धतीचा, त्याच्या एमटीएस फाइल आहेत. तिथे हा सोपा हिशेब चालत नाही. त्यांतलं चित्र एच.२६४ पद्धतीनं दाबलेलं असतं, आणि तिच्यात बऱ्याच फ्रेम एकमेकींवर टेकून असतात, त्यामुळे पुन्हा न दाबता तोडायचं तर की-फ्रेमवरच, म्हणजे स्वतःपुरत्या पूर्ण असलेल्या फ्रेमवरच, तोडावं लागतं. तारीख तिथेही प्रवाहाच्या आत असते आणि एक्झिफटूल हा प्रोग्रॅम ती वाचतो. कार्डावरून घेताना मात्र अख्खं फोल्डर उचला, सुट्या फाइल नकोत. त्याचं सविस्तर नंतर लिहीन.

१४ टेपा उरल्यात. त्यातल्या दोन एलपीवर (लाँग प्ले, म्हणजे टेप हळू फिरवून जास्त वेळ मावेल असं) रेकॉर्ड केलेल्या आहेत आणि माझ्या कॅमेऱ्यावर त्या धड चालत नाहीत, चित्रभर चौकोन उमटतात. हेड साफ करून पाहिलं, फरक नाही. बेळगाव, निपाणी किंवा चिकोडीकडे कुणाकडे एलपी नीट वाचणारा चालू मिनीडीव्ही कॅमेरा असेल तर कळवा. टेपा घेऊन मी येते, दोन तासांचं काम आहे. एकीवर माझ्या आज्जीचा आवाज आहे असं काका म्हणतात.