सांगली ते डेल्फ्ट: पगारी पीएच.डी.चे पहिले दोन महिने

बॅगा भरून झाल्या तेव्हा आईनं हळूच विचारलं, "सगळं खरं गं, पण फी किती भरायची ते अजून सांगितलं नाहीस." बाबांनी तर शैक्षणिक कर्जासाठी घराचे कागद बँकेत दाखवून ठेवले होते. मी करारपत्र काढून आकड्यावर बोट ठेवलं. फी नाही, पगार आहे. महिन्याला साधारण तीन हजार युरो, करापूर्वी. मे महिन्यात आठ टक्के सुट्टीभत्ता आणि डिसेंबरात ८.३ टक्के वर्षअखेरीचा भत्ता वेगळा. बाबांनी तो कागद दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी बँकेतून घराचे कागद परत आणले.

नेदरलँड्समध्ये पीएच.डी. ही नोकरी असते, हे आपल्याकडे पुरेसं पोहोचलेलं नाही, म्हणून हे लिहितेय. आपल्या डोक्यात "परदेशी शिक्षण" म्हटलं की प्रवेश, फी, कर्ज, जामीनदार ही साखळी तयार असते. इथल्या अभियांत्रिकीतल्या संशोधनाला ती लागू पडत नाही. माझ्या एका मैत्रिणीनं पुण्यात एका सल्लागाराला "पीएच.डी. प्रवेशा"साठी चाळीस हजार रुपये दिले. ज्या जागेला अर्ज करायला एक रुपयाही लागत नाही, तिच्यासाठी! तिचे पैसे परत मिळाले नाहीत. कुणालाही पैसे देऊ नका, ही या सगळ्या लिखाणातली पहिली विनंती.

जागा शोधायच्या त्या नोकरीसारख्याच. डच विद्यापीठांच्या जाहिराती 'अकॅडेमिक ट्रान्सफर' या संकेतस्थळावर येतात, युरोपभरच्या 'युराॲक्सेस'वर. प्राध्यापकाला निधी मिळालेला असतो, विषय ठरलेला असतो, त्या कामासाठी माणूस हवा असतो. म्हणून "आदरणीय सर, मला आपल्या हाताखाली कोणत्याही विषयावर संशोधन करायचे आहे" अशी पन्नास जणांना पाठवलेली पत्रं वाया जातात. मीही आधी अशी तेवीस पाठवली होती, एकाचंही उत्तर आलं नाही. नंतर तीनच जाहिराती निवडल्या. प्रत्येकीसाठी त्या गटाचे दोन-दोन शोधनिबंध वाचले आणि एका पानाचं पत्र लिहिलं. त्यातल्या दोन ठिकाणांहून मुलाखतीला बोलावणं आलं. एम.टेक. मात्र हवंच, नुसत्या बी.ई.वर इथे दार उघडत नाही.

मुलाखत ऑनलाइन झाली. पंधरा मिनिटं मी माझं एम.टेक.चं काम दाखवलं, नदीतल्या गाळाचं. मग एका प्राध्यापिकेनं विचारलं, "यातलं काय चुकलं?" मी क्षणभर गप्प झाले. आपल्याकडे तोंडी परीक्षेत चूक लपवायची सवय लागलेली असते. मी सांगून टाकलं, की पहिल्या चार महिन्यांची मोजमापं फेकून द्यावी लागली, कारण यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते अचूक मोजतंय ना, हे मीच तपासलं नव्हतं. त्यापुढचा अर्धा तास आम्ही त्याच चुकीवर बोललो आणि मला वाटतं निवड तिथेच झाली. पाण्यावरच काम का, असंही विचारलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं, आमच्या तळमजल्यात तेव्हा आठ दिवस पाणी होतं. हे सांगताना माझा आवाज बदलला असणार. कुणी घाई केली नाही.

शेवटी "तुमचे काही प्रश्न?" म्हणतात तेव्हा "नाही, थँक यू" म्हणून उठू नका. पैसा कुठून येतो आणि किती वर्षांचा आहे? आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली, आता ते कुठे आहेत? गटातल्या एखाद्या पीएच.डी. विद्यार्थ्याशी एकट्यानं बोलता येईल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आढेवेढे घेत आलं तर सावध व्हा. करार चार वर्षांचा, पण आधी दीड वर्षाचा हातात पडतो. साधारण वर्षभरानं काम बघून पुढे ठेवायचं की नाही ते ठरवतात. आणि प्रबंध चार वर्षांत पुरा झाला नाही, तरी पगार चार वर्षांनीच थांबतो. म्हणून आधीच्यांना किती वेळ लागला हे विचारणं महत्त्वाचं.

आता कागद. व्हिसाचा अर्ज विद्यापीठच डच स्थलांतर खात्याकडे करतं, आपण मुंबईत पासपोर्टवर शिक्का घ्यायचा. ते सोपं. अडलं ते जन्मदाखल्यापाशी. डच नगरपालिकेत राहण्याची नोंद करताना आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का) असलेला जन्मदाखला मागतात. माझा जुना दाखला हातानं लिहिलेला, फक्त मराठीत, आणि नावाचा रकाना कोरा! आपल्याकडे बारशाआधी काढलेल्या बऱ्याच दाखल्यांची हीच गत आहे. नाव चढवून नवा दाखला, मग शिक्के, यात सात आठवडे गेले. तुम्ही अर्ज करायच्या आधीच कपाटातला दाखला काढून बघा. लग्न झालेलं असेल तर विवाहनोंदणीचा दाखलाही तसाच तयार ठेवा. संशोधकाच्या जोडीदाराला इथे नोकरी करायची मोकळीक आहे आणि घरच्यांना समजावताना ही गोष्ट फार उपयोगी पडते.

मुंबईहून थेट विमानानं ॲमस्टरडॅम, विमानतळाच्या खालीच रेल्वे, आणि लायडन, हेग करत पाऊण तासात डेल्फ्ट. स्टेशन जमिनीखाली आहे. सरकत्या जिन्यानं वर आले आणि वाऱ्यानं ओढणी तोंडावर आपटली. इथे थंडीपेक्षा वाऱ्याची तयारी करून या. छत्री टिकत नाही, टोपीचं पावसाळी जॅकेट घ्या.

घर मिळणं हे खरं संकट आहे. करारावर सही होताच शोधायला लागा, विद्यापीठ पहिल्या काही महिन्यांसाठी मदत करतं का ते त्याच दिवशी विचारा. खोली न बघता अनामत पाठवू नका. भाडं कमी दिसलं तरी "या पत्त्यावर नोंदणी करता येणार नाही" अशी अट असेल तर ती खोली सोडा. पत्त्याची नोंद नाही तर नागरिक क्रमांक नाही, आणि त्याच्याशिवाय पगार, बँक, विमा सगळंच अडतं. मला विद्यापीठापासून सायकलनं वीस मिनिटांवर ७२० युरोत खोली मिळाली. आरोग्यविमा इथलाच घ्यावा लागतो, महिना सुमारे १६० युरो. भारतातून आणलेला विद्यार्थी विमा नोकरदाराला चालत नाही. आणि परदेशातून आलेल्या कर्मचाऱ्यांसाठी पगाराचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त ठेवायची सवलत आहे. रुजू झाल्यापासून चार महिन्यांच्या आत अर्ज गेला तर ती पहिल्या दिवसापासून लागू होते. हा टक्का २०२७पासून २७ होणार आहे, तरीही रक्कम मोठीच. मनुष्यबळ विभागाला पहिल्या आठवड्यात आठवण करा.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी गटातले सगळे हुक व्हान हॉलंडजवळ मासलांटकेरिंग बघायला गेलो. रॉटरडॅमकडे जाणाऱ्या ३६० मीटर रुंद जलमार्गावरचा हा पूररोधक दरवाजा १९९७पासून उभा आहे. वादळांचा मोसम सुरू होण्याआधी वर्षातून एकदा तो बंद करून तपासतात आणि लोक मुलाबाळांना घेऊन, डबे घेऊन काठावर बसतात. दोन पांढरे दरवाजे, प्रत्येकी २१० मीटर रुंद, २२ मीटर उंच. आधी त्यांच्या गोदीत पाणी सोडतात, दरवाजे तरंगायला लागतात, आणि आवाज न करता मधोमध येतात. मग त्यांच्या पोटात पाणी भरतं आणि ते सावकाश तळाशी बसतात. डिसेंबर २०२३मध्ये खऱ्या वादळात पाण्याची पातळी बघून संगणकानं स्वतःच तो बंद केला, उभारल्यापासून पहिल्यांदा. १९५३च्या पुरात या देशात अठराशेंवर माणसं गेली, त्यानंतर जी कामं हाती घेतली त्यातलं हे शेवटचं मोठं काम. शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, "तुमच्याकडे पूर येतो का?" मी मोबाइलवरचा आमच्या गल्लीचा फोटो दाखवला, होडीत बसलेल्या माझ्या आजीचा. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ बघितला.

दोन महिन्यांत आणखी एक गोष्ट बघितली, तीही येणाऱ्या प्रत्येकानं बघावी: दुसऱ्याच्या प्रबंधाचं जाहीर समर्थन, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा. कुणीही जाऊन बसू शकतं. झगे घातलेले परीक्षक प्रश्न विचारतात, उमेदवाराच्या दोन्ही बाजूंना त्याचे दोन सोबती उभे असतात. बरोबर तासाभरानं काठी घेतलेल्या पेडेलबाई, म्हणजे समारंभ सांभाळणाऱ्या विद्यापीठाच्या अधिकारी, आत येतात, काठी जमिनीवर आपटतात आणि म्हणतात, "होरा एस्ट." वेळ झाली. त्या दिवशी उमेदवार वाक्याच्या मध्यावर होता. ते अर्धं वाक्य तसंच राहिलं आणि सगळे उभे राहिले. मागच्या रांगेत त्याची आई होती, तिला भाषा कळत नसावी. काठीचा आवाज झाला तशी तिनं शेजाऱ्याचा हात धरला.

रात्री घरी फोन लावला. आईनं विचारलं, पुढच्या कुरिअरनं काय पाठवू. कांदा-लसूण मसाला आणि थालीपिठाची भाजणी, म्हटलं. तांदूळ-डाळ इथे मिळते, पाच लिटरचा कुकर उगाच आणला.