पाचगणीच्या थंडीतील गुलाब: ऑक्टोबर ते जानेवारीच्या नोंदी

या हंगामाच्या नोंदी छाटणीपासून सुरू करतो, कारण पाचगणीत गुलाबाचा हिवाळा कसा जाणार हे बहुतांशी छाटणीच्या वेळेवरच ठरते, असे माझे मत आता पक्के झाले आहे. सातारा शहरात पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या मध्यास छाटणी करतात आणि तेथे ते योग्यच आहे. त्यानंतर साधारण ४५ ते ५० दिवसांत झाड फुलावर येते. पाचगणी मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर, म्हणजे सातारा शहरापेक्षा जवळजवळ ६०० मीटर वर आहे. दर १,००० मीटरला साधारण ६.५ अंश या हिशेबाने येथील हवा शहरापेक्षा साडेतीन-चार अंशांनी थंड असते. रात्रीचे तापमान १२ अंशांच्या खाली रेंगाळू लागले की गुलाबाची वाढ मंदावते आणि शहरातले वेळापत्रक येथे लागू पडेनासे होते.

म्हणून यंदा प्रत्येक जातीची झाडे दोन गटांत विभागली. ग्लॅडिएटर, डबल डिलाइट, क्वीन एलिझाबेथ आणि आइसबर्ग यांतील निम्मी झाडे सप्टेंबरच्या अखेरीस, पावसाने उघडीप दिली तेव्हा छाटली आणि उरलेली दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. सप्टेंबरच्या छाटणीत धोका आहे, तो लपवण्यात अर्थ नाही: ओल्या हवेत कापलेल्या टोकातून बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली काळी पडत जाते. त्यामुळे प्रत्येक काप तिरका, बाहेरच्या डोळ्याच्या, म्हणजे अंकुराच्या, किंचित वर घेतला आणि त्याच दिवशी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद व चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावली. तरीही ग्लॅडिएटरच्या काही फांद्यांना शेंडेमर झालीच. ती निरोगी पांढऱ्या गाभ्यापर्यंत पुन्हा कापून काढावी लागली.

आधी छाटलेल्या झाडांचे फुटवे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तांबूस कोवळेपणा सोडून हिरवे आणि कडक झाले आणि त्यांच्यावरील फुले थंडीतच उमलली. ती पाहून थंडीबद्दल तक्रार करणे अवघड होते, कारण गार रात्रींत कळी सावकाश उमलते, पाकळ्यांची संख्या वाढते, रंग गडद होतो आणि फूल झाडावर जास्त दिवस टिकते. डबल डिलाइटच्या पाकळीची तांबडी कड सूर्यप्रकाशाने चढते आणि डिसेंबरच्या निरभ्र आकाशाखाली ती फार सुंदर भरली. दिवाळीनंतर छाटलेल्या झाडांची स्थिती वेगळी होती. त्यांचे फुटवे ऐन गारठ्यात कोवळे राहिले, बऱ्याच फांद्यांना कळीच धरली नाही आणि ज्या कळ्या आल्या त्यांपैकी काही आखूड, चपट्या, मधोमध दुभंगलेल्या निघाल्या. थंडीत मोठ्या फुलांच्या जातींत असे होते. आइसबर्गवर मात्र उशिरा छाटणीचा फारसा परिणाम दिसला नाही.

खऱ्या अर्थाने कडक हिवाळ्याच्या देशांतील गुलाबप्रेमी काय करतात, हे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तेथे मोठ्या फुलांचे संकरित गुलाब शून्याखाली १०-१२ अंशांच्या पुढे संरक्षणावाचून तगत नाहीत. म्हणून कलमाचा जोड जमिनीखाली ५ सेंटिमीटर किंवा अधिक पुरतात, बुंध्याभोवती २५ ते ३० सेंटिमीटर मातीचा ढीग चढवतात, आणि अमेरिकेतील मिनेसोटात तर एका बाजूची मुळे सैल करून अख्खे झुडूप चरात आडवे निजवून मातीने झाकतात व एप्रिलमध्ये पुन्हा उभे करतात. कॅनडाच्या कृषी विभागात फेलिसिटास स्वेज्दा यांनी जॉन कॅबट आणि विल्यम बॅफिनसारख्या जाती तयार केल्या, त्या असला हिवाळा विशेष संरक्षणाशिवाय सोसतात. यातील बहुतेक उपाय पाचगणीत निरुपयोगी, किंबहुना अपायकारक आहेत: आपल्या पावसात जोड मातीखाली गेला तर कुजतो, म्हणून तो जमिनीच्या चार बोटे वरच ठेवावा. विल्यम बॅफिन मागवण्याचा मोह मलाही होतो, परंतु त्याच्या सोशिकतेचा कस लागेल अशी थंडी आपल्याकडे पडतच नाही. आपल्याला अधिक उपयोगी दिशा कोडाईकनालच्या एम. एस. विराराघवन यांची आहे, ज्यांनी रोझा जायगँशिया आणि रोझा क्लिनोफिला या आपल्या देशातील रानगुलाबांपासून उष्ण हवामानासाठी जाती घडवल्या.

एक तत्त्व मात्र तेथून जसेच्या तसे उचलावे. तेथील अनुभवी माळी पहिल्या हिमाच्या सुमारे सहा आठवडे आधी नत्र थांबवतात आणि हंगामाच्या शेवटी सुकलेली फुले न कापता फळे धरू देतात, जेणेकरून नवी फूट थांबून लाकूड पक्के व्हावे. मीही नोव्हेंबरच्या आरंभी युरिया आणि पातळ शेणकाला पूर्ण बंद केला आणि सल्फेट ऑफ पोटॅश दिले. जांभ्याच्या मातीतून पावसाळ्यात पालाश (पोटॅश) बराच वाहून जातो, त्यामुळे त्याची गरज असतेच. आम्लता कमी करण्यासाठी चुना उन्हाळ्यातच टाकला होता.

भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड पसरवणारी बुरशी, हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे थंडीपेक्षा तीच जास्त नुकसान करते. पावसाळ्यातील काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान सलग सातेक तास ओले असावे लागते. भुरीचे तसे नाही. तिच्या बीजाणूंना पानावर साचलेले पाणी उलट नकोच असते. त्यांना हवी असते ती १५-१६ अंशांची दमट रात्र आणि त्यानंतरचा उबदार, कोरडा दिवस, म्हणजे जवळपास आपला डिसेंबर. उशिरा छाटलेल्या झाडांची कोवळी पाने तिने आधी गाठली, कारण जून पानावर तिला सहज शिरकाव मिळत नाही. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात, सकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंना फवारले आणि मधल्या दाट फांद्या काढून झाड उघडे केले. या दुसऱ्या कामाचा गुण मला गंधकापेक्षा अधिक आला, हे माझे निरीक्षण आहे. ज्यांची झाडे भिंतीला टेकून आहेत त्यांनी ते जरूर करून पाहावे.

आता माझ्या उताराच्या बागेतील खालच्या टप्प्याविषयी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवाचे हिमकण झाल्याच्या बातम्या येतात, त्या वेळी गावातील हवेचे तापमान शून्याच्या बरेच वर असते. निरभ्र, निवांत रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षा थंड होतात, आणि जड झालेली गार हवा उतारावरून ओघळत सखल जागी साचते. माझ्या बागेत हेच लहान प्रमाणावर घडते. वरच्या टप्प्यावर दगडी भिंतीपाशी ठेवलेला आणि खाली ओढ्याकडील कुंपणाजवळ जमिनीलगत ठेवलेला, अशा दोन तापमापकांत जानेवारीतील शांत पहाटे तीन-चार अंशांचा फरक दिसला, आणि वारा सुटलेल्या रात्री तो जवळजवळ नाहीसा झाला. खालच्या क्वीन एलिझाबेथची नवी पाने कडेने काळवंडली, वरचीला काहीच झाले नाही. अशा रात्रीच्या आदल्या दिवशी दुपारपूर्वी बुंध्याला पाणी दिले तर ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते, म्हणून तेवढे मी करतो. पेंढ्याचे आच्छादन मात्र त्या दिवसांत बाजूला सारतो, कारण ते जमिनीची ऊब वर येऊ देत नाही.

गार हवा खाली अडते ती घाणेरीच्या दाट कुंपणामुळे. फेब्रुवारीत त्याचा ओढ्याकडील भाग बुंध्यापाशी विरळ करून हवेला वाट देणार आहे, आणि तापमापक त्याच जागी ठेवून पुढील जानेवारीत तोच फरक पुन्हा मोजणार आहे. तो कमी झाला नाही, तर क्वीन एलिझाबेथ वरच्या टप्प्यावर नेऊन खाली आइसबर्ग लावीन.