तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेक लीडर कसं व्हायचं?

रविवारी संध्याकाळी गड उतरून आम्ही बसमध्ये बसतो, बूट काढलेले असतात, आणि कुणीतरी पुढच्या सीटवरून वळून विचारतंच, "ताई, मलाही ट्रेक लीडर व्हायचंय. कोणता कोर्स करू?" बसमध्ये मी थोडक्यात उत्तर देते आणि घरी आल्यावर ते अपुरं वाटत राहतं. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

कोर्सचं आधी सांगते, कारण तेच सगळ्यांना हवं असतं. एव्हरेस्ट सर झाल्यावर पुढच्याच वर्षी, 1954 मध्ये, दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तेनसिंग नोर्गे तिथले प्रशिक्षणप्रमुख झाले. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट 1965 ची. मनाली आणि पहलगामलाही अशा संस्था आहेत. बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. त्यात 'ए' ग्रेड मिळाली तर अ‍ॅडव्हान्स कोर्सला जाता येतं, आणि त्यानंतर शोध-बचावाचे आणि प्रशिक्षक होण्याचे कोर्स असतात. प्रवेशासाठी बरेच महिने थांबावं लागतं, म्हणून अर्ज आधीच भरून ठेवा.

मी बेसिक उत्तरकाशीला केला. तेखलाच्या कातळांवर गाठी, बिले म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणं, आणि रॅपलिंग म्हणजे दोरावरून उतरणं, हे शिकले. मग पाठीवर जड सॅक घेऊन डोक्राणी हिमनदीकडे चढलो. त्या बर्फाचा सह्याद्रीत काय उपयोग, असं मला विचारतात. बर्फाचा नाही, पण शिस्तीचा रोज होतो. दोरावर पाय द्यायचा नाही. आपली गाठ जोडीदाराकडून तपासून घ्यायची, दहा वर्षं गाठी मारत असलो तरी. दोर ज्यांना बांधतो त्या आधारांना अँकर म्हणतात; दोन अँकरकडे जाणाऱ्या दोरांमधला कोन 60 अंशांच्या आत ठेवायचा, कारण तो 120 अंशांपर्यंत उघडला की प्रत्येक अँकरवर अर्धा नव्हे, पूर्ण भार येतो. हे आकडे तेव्हा पाठ केले होते. आज कड्यावर दोर लावताना हात आपोआप तो कोन आवळतात.

पण मला विचाराल तर माझं शिक्षण उत्तरकाशीच्या आधी सुरू झालं होतं, आणि ते रांगेच्या शेवटी झालं. मी ज्यांच्याबरोबर डोंगरात जाऊ लागले त्यांनी मला पहिले दोन मोसम सगळ्यांच्या मागे चालायला लावलं. शेवटच्या माणसाच्याही मागे. मला ते कमीपणाचं वाटायचं. वाट मला पाठ होती, दमही होता, मग मागे का?

त्याचं उत्तर हरिश्चंद्रगडावर मिळालं. पाचनईचे एक मामा आमच्याबरोबर वाटाड्या म्हणून होते आणि त्या दिवशी तेही माझ्यासोबत मागेच चालत होते. अर्ध्या चढावर ते हळूच म्हणाले, "ताई, त्या निळ्या शर्टाच्या दादांची बाटली बघ. सकाळधरनं टोपन उघडल्यालं नाय." मी पाहिलं, बाटली काठोकाठ भरलेली होती. मग मामा एकेक दाखवत गेले. ती मुलगी डावा पाय टेकवताना चवड्यावर टेकवते, म्हणजे टाचेला फोड आला असणार. ते काका मघापासून प्रत्येक वळणावर फोटोचं निमित्त करून थांबताहेत, त्यांना धाप लागलीय. ते दोघं मित्र गप्पा मारायचे थांबलेत. मामांनी कुठलाही कोर्स केलेला नव्हता आणि पंचवीस माणसांची तब्येत ते पाठीवरून वाचत होते. पुढे चालणाऱ्याला वाट दिसते, माणसं दिसत नाहीत. लीडर व्हायचं तर ही नजर आधी कमवावी लागते, आणि ती मागेच मिळते.

जमीन वाचायलाही मी मामांकडूनच शिकले. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक पसरलेले थर. म्हणून आपले डोंगर पायऱ्यांसारखे आहेत: कडा, मग झाडीचा पदर, पुन्हा कडा. वाट चुकलेला नवखा माणूस ओढ्याच्या कडेनं खाली उतरत जातो, कारण पाणी खाली गावाकडेच जाणार असं त्याला वाटतं. पाणी जातंच, पण मध्ये कड्यावरून उडी मारून. तिथे माणूस अडकतो, खाली जाता येत नाही आणि घसाऱ्यावरून वर चढता येत नाही. मामा म्हणायचे, चुकलात तर आधी आलात तसे मागे फिरा. तेही जमत नसेल तर पदर धरून आडवं चाला, ढोरवाट लागेल. गुरं कड्यात जात नाहीत. पावसाळ्यात धुकं दाटलं की मला अजून हे वाक्य आठवतं.

आता माझी चूक सांगते, कारण शिकण्यात तिचा वाटा मोठा आहे. मार्चअखेरीस मी राजगडावर एक गट घेऊन गेले होते. गुंजवण्याच्या वाटेनं चोरदरवाज्याकडे निघालो, निघायलाच उशीर झाला होता आणि ऊन होण्याआधी माची गाठायची म्हणून मी पुढे राहून वेग वाढवला. मागे ठेवलेला मुलगा नवा होता. चाळिशीतले एक गृहस्थ सकाळी सगळ्यांना हसवत होते. ते गप्प झाल्याचं माझ्या लक्षातच आलं नाही. शेवटच्या टप्प्याखाली ते बसले ते उठेनात. नाव विचारलं तर ते बरोबर सांगत होते, पण आज वार कोणता, याचं उत्तर यायला फार वेळ लागला. मला भीती वाटली. सावलीत झोपवलं, पाय उंचावर ठेवले, बूट काढले, शर्टाची बटणं सोडली, मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवली, टोप्यांनी वारा घातला. पूर्ण भान आल्यावर घोट घोट ओआरएस दिलं. ते पंधरा-वीस मिनिटांत नीट बोलू लागले, म्हणून तो उष्माघात नव्हता, त्याची आधीची पायरी होती. बोलणं असंबद्ध होत गेलं असतं, शुद्ध हरपली असती, तर उचलून खाली न्यायचं, वाटभर पाणी ओतत राहायचं आणि थेट रुग्णालय, हे एकच उरलं असतं. दोन तास थांबून आम्ही तिथूनच सगळे परतलो. गटातले काही जण नाराज झाले. त्यांची नाराजी मला चालली. त्या गृहस्थांचा सकाळचा हसरा आवाज आपल्याला कधी ऐकू येईनासा झाला, हे मला सांगता येईना, ते मात्र अजून चालत नाही.

त्यानंतर मी दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं. माझं मत विचाराल तर गिर्यारोहणाच्या कोर्ससाठी पैसे जमेपर्यंत थांबा, पण प्रथमोपचारासाठी थांबू नका. सर्पदंशाचंच बघा. अजूनही लोक आवळपट्टी बांधतात, ब्लेडनं चिरतात, तोंडानं विष ओढायला जातात. यातलं काहीही करायचं नाही. माणसाला चालवायचं नाही, चावलेला अवयव हलू न देता उचलून लस असलेल्या रुग्णालयात न्यायचं. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नसते. आग्या मोहोळाचंही तसंच. कड्याखाली विडी-शेकोटी नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही; आणि माश्या उठल्याच तर हात न झाडता चादरीनं तोंड-मान झाकून तिथून लांब जायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात: राज्य सरकारचं साहसी पर्यटनाचं धोरण 2021 मध्ये आलं, आणि असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. तुम्ही ज्यांच्याकडे शिकायला जाल त्यांना ही नोंदणी आहे का, आणि वीस जणांमागे ते किती लीडर ठेवतात, हे न लाजता विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा.

पैशांचंही लोक विचारतात. पहिली काही वर्षं शनिवार-रविवारच्या मानधनावर घर चालत नाही. मी आठवडाभर नोकरी करत होते. पावसाळ्यात काम भरपूर, एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीत जवळजवळ नाहीच. तेव्हा अनेक जण हिमालयात जातात. घरचे लोक लग्नकार्याला तुमची वाट बघणार आणि तुम्ही कुठल्यातरी गुहेत वीस जणांसाठी खिचडी ढवळत असणार. हे आधी घरी सांगून ठेवा.

तरीही यायचंच असेल तर या. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिले सहा ट्रेक मागे चालवते. येताना हेडटॉर्च, जास्तीचे सेल आणि शिट्टी आणा. मदत हवी असेल तर मिनिटाला सहा वेळा वाजवून एक मिनिट थांबायचं, ते पहिल्याच दिवशी शिकवीन. पाणी मात्र चार लिटर घ्या. तीन तुमचं, आणि एक त्या निळ्या शर्टाच्या दादांसाठी.